बूस्टरचा कौल

ब्रेकचा बूस्टर कोणता बसवायचा हे देवाला विचारायचं, असं दादाने ठरवलं तेव्हा जयवंत धुरी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात जुन्या टायरवर बसला होता. त्याचा उजवा पाय समोर काठीसारखा सरळ पसरलेला होता. फोन स्पीकरवर होता. गाळ्याचा मालक केयूर हातातला पाना तसाच धरून ऐकत उभा होता.

"विचारून घेतो," दादा चेंबूरहून म्हणाला. "बाळा गुरवाला फोन लावतो. परवा सोमवारच आहे."

"दादा, हा ब्रेक आहे. लग्न नाही."

"म्हणूनच विचारतो. लग्न मोडलं तर माणूस जगतो."

जयवंतने फोन बंद केला आणि कपाळावर हात मारून घेतला. हाताचं ग्रीस कपाळाला लागलं. केयूरच्या ओठांवर हसू येऊन परत गेलं.

"काका, देव काय म्हणतो ते कळलं की मलाही सांगा. मीही अडकलोच आहे."

"तू तर बोलूच नकोस," जयवंत म्हणाला.

जयवंतचं सगळं आयुष्य विक्रोळीच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला गेलं. यंत्रं चालवणारे वेगळे असत. जयवंतला हाक यायची ती काहीतरी अडकल्यावर. तो यायचा, यंत्र थांबवायचा, आत हात घालायचा. थांबलेल्या यंत्राला एक वास असतो, गरम लोखंडाचा आणि जळक्या तेलाचा. त्या वासात त्याचं लग्न झालं, मुलं झाली, केस गेले. बोलणं तुटक झालं. चेहरा असा झाला की समोर कोणीतरी आत्ताच काहीतरी मूर्खासारखं बोललं असावं. बहुतेक वेळा ते खरंही असे.

निवृत्तीच्या थोडं आधी तो घरात पंखा पुसताना स्टुलावरून पडला. कारखान्यात नखाला कधी इजा झाली नाही आणि घरात गुडघा गेला, याचा राग त्याला अजून आहे. आत प्लेट घातलीय. पाय अर्धाच वाकतो, आणि जोर लावला की आतून कोणीतरी स्क्रू पिळल्यासारखं होतं. बोरिवलीचा डॉक्टर म्हणाला, गाडी चालवायला हरकत नाही, पण पेडल हलकं पाहिजे. जयवंतने त्यातलं 'हरकत नाही' एवढंच ऐकलं.

गाडी म्हणजे जीप. ती दोघा भावांची. कुडाळकडे एका कंत्राटदाराने चिरे वाहून वाहून टाकून दिलेली. मधुकरदादाने गावी गेला असताना ती पाहिली आणि तिथूनच फोन केला. दादाला गाडी चालवता येत नाही, शिकायची इच्छाही कधी झाली नाही. पण दोघांनी मिळून आयुष्यात काही घेतलं नव्हतं. वडील गिरणीत होते. घरात आलेली प्रत्येक वस्तू आधी कोणीतरी वापरलेली असायची आणि दोघांत एक असायची. मग एक वस्तू ठरवून दोघांत घ्यावी असं कधीतरी, उतारवयात, एकदम वाटलं असणार. जीप दादाच्या नावावर झाली आणि जयवंतच्या ताब्यात आली.

केयूरच्या गाळ्यात जयवंतने तिची हाडं वेगळी केली. एका टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. पॉवर स्टिअरिंग बसवलं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले, आणि सगळं तिथे बिघडलं. जुने ड्रम ब्रेक चाकाच्या फिरण्याचाच जोर घेऊन स्वतःला आवळत नेतात. डिस्क असं काही करत नाही. तिला लागणारा सगळा जोर माणसाच्या पायातून जावा लागतो, नाहीतर पायाला मदत करणारा बूस्टर लागतो. या जीपला बूस्टर कधी नव्हताच.

पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा इस्टेटच्या गेटपाशी एक रिक्षा उभी होती. जयवंतने ब्रेक दाबला. गाडी जात राहिली. त्याने उजव्या पायावर डावा पाय ठेवून दाबला. गाडी थांबली, पण रिक्षाच्या मागच्या पत्र्याला नाक लावून.

रिक्षावाला मागे वळला. "चाचा, गाडी है या बैल?"

जयवंतला खाली उतरता आलं नाही. दोन्ही हातांनी मांडी उचलून त्याने पाय पेडलवरून काढला. ते केयूरने पाहिलं आणि काळजीने जानकीला, म्हणजे जयवंतच्या बायकोला, सांगितलं. जानकीने काळजीने दादाला सांगितलं. सगळ्यांची काळजी अशी फिरत फिरत शेवटी जयवंतच्याच छातीवर येऊन बसली.

"हे बघ," दादा म्हणाला, "मुलुंडचा एक माणूस आहे. त्याला फार्महाऊसच्या दारात ठेवायला जुनी जीप पाहिजे. तू चालवणार असशील तर ठेवू. नाही जमत तर देऊन टाकू त्याला."

"दारात ठेवायला म्हणजे?"

"शोभेला. वर कुंड्या ठेवतात म्हणे."

कुंड्या. तो शब्द जयवंतच्या डोक्यातून जाईना. इंजिन, स्टिअरिंग, डिस्क, आणि बॉनेटवर सदाफुली. आपण हे सगळं एका कुंडीसाठी उभं केलं, असं त्याला आंघोळ करताना, भाजी आणताना, टीव्हीसमोर बसल्यावर आठवायचं आणि तो घरातल्या कोणावर तरी ओरडायचा. जानकी म्हणायची, "अहो, बूस्टर का काय तो लवकर बसवा. आम्हाला तरी आराम पडेल."

लवकर बसवायला आधी निवड व्हायला हवी होती. आणि निवड केयूरच्या हातात होती.

केयूर लिमये शिकलेला इंजिनिअर. नोकरी सोडून त्याने हा गाळा घेतला होता आणि लोकांच्या जुन्या गाड्या त्यांना हव्या तशा बनवून द्यायचा. हात चांगला होता. डोकंही चांगलं होतं. अडचण एवढीच, की त्याला प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजू सारख्याच चांगल्या कळायच्या.

"बघा काका, एक म्हणजे व्हॅक्यूम बूस्टर. हा गोल डबा, सगळ्या गाड्यांत असतो. पार्ट कुठेही मिळतो, कोणीही मेकॅनिक खोलेल. पण तो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो आणि डिझेलला स्वतःचं व्हॅक्यूम नसतं. त्याला पंप लागतो. आपल्या टेम्पोच्या इंजिनाचा पंप म्हातारा झालाय."

"मग तो नको."

"नको असं नाही. पंप बदलता येतो. पण जागेचा प्रश्न आहे. डबा मोठा आहे. दुसरा म्हणजे हायड्रॉलिक. पॉवर स्टिअरिंगचा पंप आहेच, त्याचंच तेल आधी बूस्टरमधून फिरवायचं आणि मग स्टिअरिंगला द्यायचं. आकार छोटा, जोर दुप्पट. तुमच्या गुडघ्याला बेस्ट."

"मग तो बसव."

"बसवू. पण तो इथल्या गाड्यांत येत नाही, बाहेरच्या मोठ्या गाडीचा शोधावा लागेल. सील गेली तर तेल थेट तुमच्या पायावर. आणि पंपाचा बेल्ट तुटला तर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही एकदम दगड."

"मग कोणता बसवू?"

"डिपेंड्स, काका."

"कशावर?"

"तुमच्या रिक्वायरमेंटवर."

"गाडी थांबावी ही माझी रिक्वायरमेंट आहे!"

असे आठवडे गेले. केयूर फोनवर कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांचे व्हिडिओ बघायचा. एका आठवड्यात तो डब्याच्या बाजूने असायचा, दुसऱ्या आठवड्यात तेलाच्या. जयवंत गाळ्यात यायचा, टायरवर बसायचा, ऐकायचा, चिडून घरी जायचा. जीप दोन्ही आठवड्यांत तशीच उभी असायची, बॉनेट उघडं टाकून, दात तपासायला तोंड उघडून बसलेल्या माणसासारखी. हे सगळं दादाच्या कानावर गेलं आणि दादाने देवाला विचारायचं काढलं.

धुऱ्यांच्या घरात हे नवीन नव्हतं. लग्न, खोली, ऑपरेशन, मुलाची कॉलेजची शाखा, काहीही असो, आधी गावच्या रवळनाथाला कौल लागायचा. देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे फुलाची पाकळी चिकटवायची, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. जयवंत म्हणायचा, आपला यावर विश्वास नाही. पण नको असं त्याने दादाला कधी म्हटलं नव्हतं. चाळीस वर्षं हा अविश्वास त्याने कौलाच्या निकालाप्रमाणे वागत सांभाळला होता.

सोमवारी सकाळी जानकी घावणे काढत असताना बाळा गुरवाचाच फोन आला.

"जयवंता, ह्यां हायड्रोलिक म्हणजे काय तां सांग मगे. गाऱ्हाण्यात म्हणाक होया."

जयवंतने डोळे मिटले. "तेलावर चालणारा."

"खोबऱ्याच्या?"

"स्टिअरिंगच्या! गाडीचं तेल असतं!"

"बरां, बरां. आणि दुसरो?"

"तो हवेवर. म्हणजे हवा काढून घेतल्यावर जे राहतं त्याच्यावर."

"हवा काढल्यार काय रवता?"

"काही नाही राहत."

"म्हणजे काय नाय त्याच्यार चलता?" बाळाने विचारलं. "देवाक सांगूक जरा कठीण हा रे."

"हवेचा म्हण. तेलाचा आणि हवेचा. संपलं."

जानकीने घावणा ताटलीत टाकला. "हवा काढली तर उरतं काय, हे मला पण नाही कळलं."

"तुला कशाला कळायला पाहिजे?"

"तुम्ही त्यात मला बसवणार ना, म्हणून."

दुपारी दादाचा फोन आला. आवाज प्रसन्न होता. फारच प्रसन्न होता.

"झालं. उजवा मिळाला."

"कशाला?"

"दोन्हीला."

"दोन्हीला म्हणजे?"

"हवेचा बसवू काय विचारलं, उजवा. मग तेलाचा बसवू काय विचारलं, त्यालाही उजवा. पाकळी लगेच पडली म्हणे. देवाची काही हरकत नाही."

जयवंत उभा होता तो बसला. "दादा, एकदाच विचारायचं असतं. उजवा पडला तर तेलाचा, डावा पडला तर हवेचा. असं मांडायचं."

"असं कसं मांडणार? डावा म्हणजे नाही. एका वस्तूला आधीच डाव्या बाजूला बसवायचं? मग तो कौल कसला?"

"अरे पण आता ठरवायचं कसं?"

"ते तुम्ही इंजिनिअर लोकांनी बघायचं."

हे जयवंतने गाळ्यात जाऊन सांगितलं तेव्हा केयूर विचारात पडला. "टेक्निकली बघितलं तर काका, दोन्ही एकापाठोपाठ..."

"केयूर, गप्प बस."

त्या दिवशी जयवंतने गाळ्यातला एक पुठ्ठ्याचा खोका फाडला. हवेच्या बूस्टरच्या मापाचा गोल डबा केला, चिकटपट्टी लावली आणि जीपमध्ये पेडलच्या पुढे धरला. डबा स्टिअरिंगच्या दांड्यावर आपटला. त्याने तो तिरका धरला. आता क्लचची नळी आडवी आली. लहान डबा केला तर बसत होता, पण लहान डबा मदतही लहानच करणार. हे त्याला चहा गार व्हायच्या आत जमलं. इतके आठवडे हे कोणीच केलं नव्हतं, आणि त्यात तो स्वतःही होता, म्हणून तो आणखी चिडला.

गाळ्याच्या तोंडाशी एका गिऱ्हाइकाची परदेशी पिकअप उभी होती, ट्रकएवढी. तिला हायड्रॉलिक बूस्टर होता. "चावी दे," जयवंत म्हणाला. इंजिन चालू करून त्याने उजवा पाय पेडलवर ठेवला आणि दाबला. पेडल पायाखाली गेलं. गुडघ्याने काही म्हटलं नाही. त्याने परत दाबलं, परत परत दाबलं. गुडघा गप्प. किती दिवसांनी तो गप्प होता.

"आता बंद कर इंजिन."

केयूरने चावी फिरवली. जयवंतने दाबलं. हलकं. परत दाबलं. थोडं जड, पण गेलं. मग पेडल दगड झालं आणि गुडघ्यात स्क्रू फिरला.

"आत थोडं प्रेशर साठवलेलं असतं," केयूर म्हणाला. "एक-दोन दाबांपुरतं. नंतर फक्त पाय."

"हवेच्या डब्यात?"

"त्यातही थोडं उरतं. पण आपला पंप बघता, इंजिन चालू असूनही ट्रॅफिकमध्ये लागोपाठ दाबलं तर संपेल. नवीन पंप टाकला तर मात्र..."

"डिपेंड्स म्हणालास तर हा पुठ्ठा तोंडात घालीन. तेलाचा. शोध."

बूस्टर कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात मिळाला. केयूरने तो खोलून नव्या सील घातल्या, पंपाचा जोर पुरतोय का ते मोजलं, पेडलचा दांडा बदलला. जयवंत टायरवर बसून प्रत्येक नट दोनदा आवळायला लावत होता. तेलं दोन होती, स्टिअरिंगचं आणि ब्रेकचं, आणि एकाचा थेंब दुसऱ्यात गेला तर सगळी रबरं फुगून वाया जाणार. जयवंतने दोन्ही टाक्यांची झाकणं स्वतः उघडली आणि स्वतः लावली. केयूरला बाटलीला हात लावू दिला नाही. केयूर पहिल्यांदाच त्याच्यावर चिडला. त्याचं जयवंतला बरं वाटलं.

रविवारी इस्टेट बंद असते, तेव्हा आतल्या रस्त्यावर चालवून बघायचं ठरलं. शनिवारी संध्याकाळी बाळा गुरवाचा फोन आला.

"लागली काय रे गाडयेक ती वस्तू? देवाचो नारळ दिवचो रवलो हा."

"लागली. उद्या मी चालवून बघतो."

पलीकडे नुसती झाडं सळसळत होती.

"तू चलवतलस?" बाळाने विचारलं.

"मग कोण?"

"नाय... तुका मधुकरान काय सांगूक नाय?"

"काय सांगायचं होतं?"

"पयलो कौल," बाळा म्हणाला, आणि मग जीभ चावल्यासारखा थांबला. "तूच इचार त्याका. माका मध्ये घालू नको." फोन बंद झाला.

जयवंतने मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. जानकीने त्याच्याकडे बघितलं. त्याने सांगितलं. पहिला प्रश्न काय असणार आणि त्याचं उत्तर काय असणार हे दोघांनाही न विचारता कळलं होतं.

"तुमचा तर विश्वास नाही ना?" जानकी म्हणाली.

"नाही."

"मग जेवायला बसा."

तो बसला, पण जेवला नाही. त्याला राग आला होता आणि राग कोणावर धरायचा ते सापडत नव्हतं. देवावर धरावा तर आपण त्याला मानत नाही. दादावर धरावा तर दादाने काहीच सांगितलेलं नाही. गावाकडे कुठेतरी एका दगडावरून एक पाकळी घसरली होती आणि इथे त्याच्या उजव्या मांडीत एक शीर उडत होती.

"ऑपरेशनच्या वेळी कौल उजवा होता," जानकी ताट उचलताना म्हणाली. "अजून तरी पाय नीट वाकतो का तुमचा?"

सकाळी तो गाळ्यावर पोचला तेव्हा दादा आधीच आलेला होता. चेंबूरहून इतक्या लवकर. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. केयूर शटर वर करत होता.

"पहिला कौल काय होता?" जयवंतने विचारलं.

दादाने पिशवी खाली ठेवली. "बाळाने तोंड उघडलं वाटतं."

"तू काय विचारलंस?"

"जयवंताने गाडी चालवावी काय. एवढंच."

"आणि?"

"डावा."

"मग?"

"मग बाळाला म्हटलं, पाकळी ओली असेल, परत लाव."

"आणि?"

"डावा."

केयूर काही काम नसताना आत गेला.

"मग विकायची होतीस मुलुंडवाल्याला!" जयवंतचा आवाज बंद शटरांवर आपटून परत आला. "गाडी तुझ्या नावावर आहे. मला कशाला नाचवलंस इतके दिवस? खोबऱ्याचं तेल का हवा, हवा का तेल!"

"तुला काय सांगणार होतो? देव नको म्हणतो? तू म्हणाला असतास, देवाकडे लायसन आहे का."

"म्हणालोच असतो!"

"तेच. आणि चालवली असतीस. लहानपणापासून बघतोय तुला. मग म्हटलं, हा ऐकणार नाहीच, तर निदान ब्रेक चांगला बसू दे. म्हणून पुढचं विचारलं."

"देवाने नाही म्हटल्यावर परत त्यालाच ब्रेकचं विचारलंस?"

"मग कोणाला विचारू? ह्याला?" दादाने गाळ्याच्या आत बोट दाखवलं. आत पाना पडल्याचा आवाज झाला.

जयवंत जीपमध्ये चढला. चढायला त्याला नेहमी वेळ लागतो, आधी डावा पाय, मग हाताने ओढून उजवा. तोवर दादा पलीकडून चढून बाजूला बसलेला होता.

"उतर."

"नाही."

"दादा, उतर. काही झालं तर?"

"म्हणूनच बसलोय."

"देवाने नाही म्हटलंय ना? मग?"

"तू चालवू नको म्हटलंय. मी बसू नको काय, असं मी विचारलेलंच नाही."

दादाने आयुष्यात एकही कौल मोडला नव्हता. एका डाव्या कौलापायी त्याने अंधेरीची चांगली खोली सोडली होती आणि त्याबद्दल कधी हळहळला नव्हता. आता तो समोरच्या काचेकडे बघत बसला होता. हनुवटीखालची कातडी हलत होती. जयवंतने ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. मग इंजिन चालू केलं.

रस्ता रिकामा होता. दोन्हीकडे शटरं, मध्ये एक झोपलेला कुत्रा. जयवंतने दाबलं आणि जीप थांबली. सोडली, दाबली, थांबली. जरा वेगात नेली आणि दाबली. दोघेही पुढे झुकले आणि जीप जागच्या जागी थांबली. गुडघा गप्प होता.

"बरा आहे की," दादा म्हणाला.

"अजून संपलं नाही."

इस्टेटच्या टोकाला रस्ता थोडा उतरतो आणि नाल्याच्या कठड्यापाशी संपतो. जयवंतने जीप उतारावर आणली, न्यूट्रलमध्ये टाकली आणि इंजिन बंद केलं.

"हे काय केलंस?"

"इंजिन कधीतरी बंद पडणारच. आज मी बघून घेतो."

जीप आवाज न करता घरंगळू लागली. पहिला दाब हलका गेला, वेग मंदावला. त्याने पाय उचलून तिला पुन्हा सोडलं. दुसरा दाबही गेला, जरा जड. पुन्हा सोडली. तिसऱ्या वेळी पेडल दगड होतं. स्टिअरिंगही जड झालं. कठडा मोठा होत चालला. जयवंतने दात आवळून पाय रेटला, गुडघ्यातला स्क्रू फिरला, फिरत राहिला, आणि जीप हळूहळू चालतच राहिली. हे व्हायचंच होतं आणि पुढे काय करायचं तेही ठरलेलं होतं. त्याने डावा हात हँडब्रेककडे नेला.

तिथे दादाचा हात होता. दांडा आधीच वर ओढला जात होता. जयवंतने दादाच्या हातावरूनच तो धरला आणि दोघांनी मिळून ओढला. जीप गचकन थांबली. कठडा अजून बराच लांब होता. मघाशी तो एवढा लांब वाटला नव्हता.

मागून केयूर धावत येत होता.

"हे कशावर चालतं?" दादाने दांडा न सोडता विचारलं.

"तारेवर."

"तेल नाही, हवा नाही?"

"नाही."

"मग आधी का नाही सांगितलंस?" दादा म्हणाला. त्याचा आवाज थरथरत होता, त्यामुळे तो ओरडला. "इतका त्रास दिलास देवाला!"

मुलुंडच्या माणसाला नाही म्हणून कळवलं गेलं. ते दादानेच कळवलं. बदल केलेल्या गाडीचे कागद व्हायला वेळ लागला, पण झाले. आता रविवारी सकाळी दादा चेंबूरहून येतो आणि जीपमध्ये बाजूला बसतो. त्याने यायचं असं काही ठरलेलं नाही. जानकी मागे बसते आणि दोघांचं भांडण ऐकत खिडकीतून बाहेर बघते. बूस्टर उत्तम चालतो. केयूर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो दाखवतो आणि दोन्ही बाजू सांगतो.

पण जीप निघाल्यापासून थांबेपर्यंत दादाचा उजवा हात हँडब्रेकवर असतो. समोरची बस जरा हळू झाली की तो ओढतो. माणूस रस्ता ओलांडायच्या विचारात असला तरी ओढतो. सिग्नल लागला की ओढतो आणि हिरवा झाला तरी सोडत नाही.

"दादा, हिरवा आहे. सोड."

"सोडतो. पाय ठेवलास नीट?"

"ठेवलाय."

"दाबून बघ."

"दादा, मागे गाड्या आहेत!"

"त्यांना काय, त्यांचे गुडघे चांगले आहेत. तू दाबून बघ."

जयवंत दाबून बघतो. मागचे हॉर्न वाजत राहतात.